तुझ्या तोंडची चव

२ फेब्रुवारी

बारके,

पाकिटावरचं अक्षर ओळखून शेगडीत घातलं नसशील, तर वाच. फोन केला की तू माझा आवाज ऐकून ठेवून देतेस, म्हणून लिहितेय. समेट करायला नाही. माझा चाखायचा डाव परत मागायलाही नाही, जरी तो माझा आहे आणि आपलं कारखान्यातलं कॅन्टीन सोडून गेलीस तेव्हा तू तो पिशवीत घालून नेलास हे मला पक्कं माहीत आहे. कळवायचं एवढंच की मला अन्ननलिकेचा कॅन्सर झालाय. उडत उडत कळलं असतं तर तू सगळीकडे सांगत सुटली असतीस, बघा, ताईने मरतानासुद्धा सख्ख्या बहिणीला कळवलं नाही. तर मरत बिरत नाहीये अजून.

सुरुवात पावाच्या कडेपासून झाली. ती अडकायला लागली म्हणून मी ती कापून टाकायला लागले. मग पाव चहात बुडवून खायला लागले. मग प्रत्येक घासावर पाणी. मग भात जास्त शिजवायचा, बटाटा कुस्करायचा, सगळं पातळ करायचं. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. पण आमचे हे एक दिवस म्हणाले, "तू हल्ली जेवताना छताकडे का बघतेस?" मी बघत नव्हते गं. मान वर ताणली की घास सरकायचा, म्हणून ताणत होते. त्यांना सांगितलं, छताला पोपडे आलेत.

शेवटी आवंढासुद्धा परत वर यायला लागला तेव्हा गेले. दुर्बीण घालण्याआधी घशात एक फवारा मारतात. इतका कडू की डोळ्यांत पाणी आलं, आणि वर त्याला पिकून सडलेल्या केळ्याचा वास. थोड्या वेळात जीभ अशी जड झाली, जशी कुणा दुसऱ्याची आणून माझ्या तोंडात ठेवलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गिळा बाई, गिळा." पाणी न गिळता येणाऱ्या बाईला नळी गिळायला सांगतात. हसू आलं, पण हसायलाही घसा लागतो.

आता पोटाला भोक पाडून आतड्यात नळी बसवलीय. हे मोठ्या सिरिंजने तिच्यातून पावडरचं दूध सोडतात आणि दर वेळी विचारतात, "गरम नाही ना?" मला काय कळणार? तोंडाला पत्ताच नसतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, फार गरम खाण्यापिण्याची सवय होती का. म्हटलं, सवय कसली, नोकरी होती. उकळत्या टोपातून डाव काढायचा आणि तसाच तोंडाला लावायचा, कारण निवलं की मीठ खोटं बोलतं. त्या म्हणाल्या, त्यानेच झालं असं नाही म्हणता येणार, पण त्यानेही होतं.

हे तू लक्षात ठेव. मी गेल्यापासून, म्हणजे तू गेल्यापासून, त्या मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तुझी तूच चाखत असशील.

ताई

२१ फेब्रुवारी

बारके,

उत्तर नाही. बस मूग गिळून. निदान तुला गिळता तरी येतं.

आज जे झालं ते कुणाला तरी सांगायला हवं. ह्यांना सांगितलं की ते लगेच डॉक्टरीणबाईंच्या कानावर घालतात.

उपचार सुरू झालेत. आठवड्यातून एकदा सलाइनमधून औषध, आणि रोज यंत्राखाली किरणांचा शेक. शनिवार-रविवार सुट्टी, आपल्या कॅन्टीनसारखी. यंत्राची खोली तळघरात आहे. मला फळीवर झोपवतात, छातीवर गोंदलेल्या ठिपक्यांवर लाल रेघा जुळवतात, आणि सगळे बाहेर पळतात. ते जाड दार लागतं. मग छतातून आवाज येतो, "हलायचं नाही हं, बाई." आत फक्त मी आणि ती घरघर.

आज यंत्र फिरायला लागलं आणि माझ्या तोंडात चहा आला.

चहाची आठवण म्हणत नाहीये मी. चहा आला. उकळता, साखर भरमसाट, आलं ठेचून टाकायचं ते किसून टाकलेलं. जीभ भाजली, टाळू भाजला, आणि तो घशाखाली उतरला. जिथून माझी थुंकी जात नाही त्या जागेवरून तो सरळ गेला, छातीतून गरम रेघ ओढत पोटापर्यंत. मी हलले. छतातला माणूस ओरडला, यंत्र थांबलं, दार उघडून तो धावत आला. "काय झालं बाई?" मी म्हटलं, "काही नाही, गोड जास्त झालाय." त्याने मान डोलावली. त्याला रोज काय काय ऐकायला मिळत असेल.

सांगायचं म्हणजे औषधाने माझ्या जिभेचं वाटोळं झालंय. जिभेवर काहीही ठेवलं तरी गंजका खिळा चोखल्यासारखं लागतं. साखरही गंज, लिंबूही गंज. मग हा चहा कुणाचा होता?

आलं किसून टाकणारी जगात एकच बाई मला माहीत आहे. आळशी कुठली.

ताई

८ मार्च

बारके,

आता खात्रीच झाली.

रोज येतं. सकाळी चहा. दुपारी, तिथे मुलींच्या जेवणाची वेळ झाली की, आधी रस्सा, मग बटाटा. मी अंगणाकडच्या खुर्चीत बसलेली असते, पोटाच्या नळीतून दूध चाललेलं असतं, आणि तोंडात उकळता रस्सा येतो. एकदा येतो, मग क्षणभर काही नाही, मग पुन्हा. ते दुसऱ्यांदा चाखणं तुझं. तुला कधीच एका वेळेत कळलं नाही. आणि प्रत्येक वेळी खालच्या ओठाला काहीतरी खरवडतं. काल बोटाने चाचपून पाहिलं तेव्हा उमगलं. माझ्या डावाची कड ती, टोपावर आपटून मुडपलेली, तुझ्याच हातून. ह्यांनी माझा ओठ पाहिला आणि म्हणाले, इथे कापलंय का गं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधाने तोंड येतंच, काळजी करू नका. मेंदूला जुन्या चवी आठवतात म्हणे. असतील आठवत. पण परवा तुझं दूध लागलं होतं, तळाला, आणि तू वरवरचं काढून तसंच मुलींना दिलंस. ती काय माझी जुनी आठवण आहे?

मला भीती वाटते, बारके. खोटं कशाला बोलू. दुपार झाली की मी तोंड मिटून बसते, दात आवळून, तरी येतं. दार लावून घेतलेल्या घरात कुणीतरी भांडी वाजवावीत तसं.

आई म्हणायची, रांधणाऱ्याने चाखू नये, रांधणाऱ्याला आपलं सगळं गोड लागतं. म्हणून ठरलं होतं ना आपलं, तू हात आणि मी जीभ. भोंगा वाजायच्या आधी मी डाव तोंडाला लावायचे आणि "जाऊ दे" म्हणायचे, मगच टोप कट्ट्यावर जायचा. इतकी वर्षं कारखान्यातल्या एका माणसाने ताट परत पाठवलं नाही. आणि त्या दिवशी मी "जाऊ दे" म्हटल्यावर तू वरून मूठभर मीठ टाकलंस. सगळ्यांसमोर. मीठ बरोबर होतं, बारके. तेव्हाही बरोबर होतं, आजही बरोबर आहे. चिमूटभर म्हणशील, पण मी मूठ पाहिली होती.

ताई

२२ मार्च

बारके,

आलं हो, आलं तुमचं उत्तर! एवढ्या वर्षांनी बहिणीला पत्र लिहायचं आणि त्यात काय, तर "दूध लागलं होतं हे तुला कुणी सांगितलं? माझ्या स्वयंपाकघरात तुझा कोण माणूस आहे?" चोराच्या उलट्या बोंबा. ताई कशी आहेस, एक ओळ नाही.

पण मी ते पत्र ह्यांना तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "तिला सांग, रोज बटाटा नको करूस." त्यांना मी जेवणाचे हाल सांगत असते ना.

तेव्हा ऐक. बटाट्याचा मला कंटाळा आलाय. माझा कुणी माणूस नाही तिथे, मीच आहे. विश्वास नसेल तर एक कर. रविवारी स्वतःसाठी एक अंडं उकड, जरा कच्चट ठेव, वर मिरपूड घाल, आणि सावकाश खा. मी इथे बसलेली असेन.

ताई

१ एप्रिल

बारके,

खाल्लंस तू.

पिवळं कच्चट होतं, अगदी मला आवडतं तसं. मिरपूड ताजी कुटलेली. मी खुर्चीचे हात धरून बसले होते आणि हे समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. ते म्हणाले, "तू चावत होतीस." मी रडले गं. किती दिवसांनी काही खाल्लं मी. थँक्यू म्हणणार नाही, अंडं तू खाल्लंस.

पण एक विचारू? इतक्याशा अंड्याला तू दर घासाला पाणी का पीत होतीस?

उपचार संपले. शेवटच्या दिवशी त्या छतातल्या माणसाने खाली येऊन हात हलवला. घसा आतून सोललाय, पण तो हळूहळू भरेल म्हणतात. उशांचा डोंगर करून अर्धवट बसूनच झोपते.

ताई

१२ एप्रिल

बारके,

हे पत्र उभं राहून वाचू नकोस. बस.

त्या अंड्यापासून मी लक्ष ठेवून आहे. आधी मला फक्त चवीचं कौतुक होतं, ती उतरते कशी याच्याकडे मी पाहिलंच नव्हतं. पावाची कड मला महिनाभरात लागलेली नाही. तू ती काढून टाकतेस. पाव येतो तो चहात भिजून येतो, लगदा होऊन. बटाटा रोज का, तेही आता कळलं. तो जातो, म्हणून. मुलींसाठी करतेस त्यातलं डावाने चाखतेस तेवढंच, बाकी तुझ्या तोंडात काही जात नाही. आणि काल बटाट्याचा घास छातीच्या मधोमध थांबला. मी इथे खुर्चीत बसल्या बसल्या मान वर ताणली. आपोआप ताणली गेली. समोर छत होतं. आणि मला कळलं की तिकडे तूही छताकडे बघते आहेस.

ती वाट मला पाठ आहे, बारके. मी त्याच वाटेने गेलेय, एक एक घास सोडत. मी सहा महिने पोपड्यांवर ढकललं म्हणून आज पोटात नळी आहे. तुझं अजून भात-बटाट्यावर आहे. अजून लवकर आहे. कदाचित साधी सूज असेल, कदाचित काहीच नसेल, पण ते दुर्बीण घातल्याशिवाय कळत नाही.

जा. उद्या जा. मुलींच्या जेवणाचं कोण बघेल असलं काही सांगू नकोस, त्या पाव खाऊन जगतील. आणि उकळतं चाखणं आजपासून बंद. निवल्यावर चाख. मीठ खोटं बोललं तर बोलू दे.

तुला माझ्याकडून काय हवंय ते मला माहीत आहे. तू दुर्बीण करून घे, मी लिहून देईन. त्या दिवशी मीठ कमी होतं असं माझ्या हाताने लिहून देईन, सहीसकट. बरोबर होतं, पण देईन.

ताई

२९ एप्रिल

बारके,

तुझी चिठ्ठी मिळाली. ह्यांना वाचून दाखवली नाही.

"मला काही झालेलं नाही. वय झालं की जेवण कमी होतं. फेब्रुवारीपासून माझ्या तोंडात सारखा गंज येतो, मुलींचं जेवण बिघडतंय, तो गंज तुझा आहे. माझ्या तोंडातून नीघ."

माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे जातंय तिकडेही. मी इथे नळीवर पडलेली आणि माझा गंज तुझ्या टोपात. मला वाटत होतं तू माझ्यात येतेस.

निघू कशी, सांग? दार कुठे आहे ते मला दाखव.

पण तू काहीतरी केलंस, कारण त्या दिवसापासून बंद झालं. चहा नाही, रस्सा नाही. आधी ज्याची भीती वाटायची त्याची आता दुपारभर वाट बघते. तोंड उघडं ठेवून बसते वेड्यासारखी. तू खातच नाहीस की काय? का आता काही उतरतच नाही?

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गाठ बरीच आक्रसलीय, पुढे ऑपरेशन करायचं का ते महिन्याने ठरेल. त्या म्हणाल्या, आता चमचा चमचा पाणी प्या, रस्ता मोकळा आहे. हे रोज वाटी आणि चमचा घेऊन समोर बसतात. मी तोंड फिरवते. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, मी तर फुंकतही नाही. पाणी घशात थांबलं तर? त्या एका क्षणाला मी जेवढी घाबरते तेवढी त्या यंत्रालाही घाबरले नव्हते. मग हे ते पाणी झाडाला घालतात.

उत्तर दे. शिव्या दे, पण दे.

ताई

१७ मे

बारके,

पार्सल आलं. मला वाटलं पत्र असेल, तर आत नुसता डाव. घासूनपुसून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. चिठ्ठीचा कपटा नाही.

मागत होते तेव्हा नाही दिलास. आता का देतेस? माणूस वस्तू परत कधी करतो ते मला कळत नाही असं वाटलं तुला? मी तो टेबलावर ठेवलाय आणि त्याच्याकडे बघवत नाही. मुडपलेली कड माझ्याकडेच करून बसलाय. ह्यांनी वसतिगृहात फोन केला. कुणी मुलगी म्हणाली, मावशी रजेवर गेल्यात, कुठे गेल्या माहीत नाही. तू उभ्या जन्मात रजा घेतली नाहीस. ह्यांचा चेहरा उतरला आणि ते मला सांगेनात, मग मी ओरडले तेव्हा सांगितलं.

तू मेलीबिलीस तर मी तुला जन्मात माफ करणार नाही, एवढं ध्यानात ठेव. भांडायला मला दुसरं आहे कोण? ह्यांच्याशी भांडण होत नाही, ते लगेच हो म्हणतात. आई गेल्यावर तुझ्या वेण्या मी घातल्या, शाळेत तुला मी पोचवलं, तुझा पहिला भात करपला तो मी खाल्ला आणि छान झालाय म्हटलं. तेवढं एकच खोटं बोलले मी चवीबद्दल, आणि ते तुझ्यासाठी बोलले. आणि तू मला नीघ म्हणतेस. मी

थांब.

काहीतरी आलं तोंडात.

कडू. फार कडू आहे. डोळ्यांत पाणी आलं. रस्सा नाही हा, चहा नाही. केळ्याचा वास, सडक्या केळ्याचा. बारके! फवारा आहे हा. फवारा आहे तो! तू दवाखान्यात आहेस. गेलीस तू, गेलीस माझी बाय ती!

जीभ जड होतेय माझी. हे विचारतायत काय झालं, मला बोलता येत नाही, शब्द बोबडे पडतायत, मी हाताने थांबा म्हणतेय आणि लिहितेय. ते डॉक्टरला फोन करायला निघालेत. करू देत.

ऐक. हे पत्र तुला चार दिवसांनी मिळेल हे मला माहीत आहे, पण माझा गंज तुझ्यापर्यंत पोचतो तर हेही पोचेल. ती जीभ तुझीच आहे, घाबरू नकोस, तासाभरात परत येते. डाव्या कुशीवर झोपवतील. डोळे मिटू नकोस, समोर खिडकी असेल तर तिच्याकडे बघ. नाकाने श्वास घे. लाळ गळली तर गळू दे, लाज नको वाटून घेऊस, सगळ्यांची गळते.

आणि ठरल्याप्रमाणे, घे. मीठ कमी होतं. तू टाकलंस ते बरं केलंस. सही खाली करते.

आता त्या म्हणतील, गिळा. तुझी मान ताणली जाईल, आवंढा येणार नाही, वाटेल आता जीव जातो. मी आहे. ह्यांनी झाडापाशी ठेवलेली वाटी मी ओढून घेतलीय. चमचा नको मला, डाव आहे. डावात पाणी घेतलंय. कड लागली ओठाला. लागली का तुला?

मी इथे गिळते, तू तिथे गिळ.

गिळ, बारके.

जातंय. सरळ खाली जातंय.

ताई